नवे बिल्ड टाकले की कंट्रोल लूप मुदत चुकवतो: कारण कसे शोधावे आणि ते परत येऊ नये म्हणून काय करावे

लक्षण साधारणपणे असे असते. कंट्रोलर बोर्ड टेबलावर तासन्‌तास विनातक्रार चालतो, चाचणीतले सगळे मुद्दे पार होतात, आणि प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर मात्र दिवसातून एखाद-दोनदा ‘लूपची मुदत चुकली’, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा चालणारा हिशोब वेळेत पुरा झाला नाही, असा फॉल्ट देऊन थांबतो. रीसेट केला की पूर्ववत चालू लागतो. प्रोग्राममध्ये दोन-चार ओळी बदलून नवे बिल्ड (कंपाइल करून तयार झालेला प्रोग्राम) टाकले की काही आठवडे फॉल्ट नाहीसा होतो आणि पुढच्या एखाद्या बिल्डनंतर पुन्हा डोके वर काढतो. दीड वर्षात आमच्याकडे हे तीनदा झाले. त्यातल्या पहिल्या दोन वेळी आम्ही कारण न शोधता उपाय केला, म्हणूनच तिसरी वेळ आली. ज्यांचा कंट्रोल प्रोग्राम सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला आहे, किंवा मॉडेलमधून आपोआप तयार होतो, त्यांना हीच वाट कधी ना कधी चालावी लागते, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या लहानशा युनिटमध्ये आम्ही उंच इमारतींच्या बूस्टर पंपांसाठी मोटर ड्राइव्हचे कंट्रोलर तयार करतो. तक्रार परळच्या एका निवासी टॉवरमधून आली होती. तेथे तळघरात तीन पंप आहेत. पहिला पंप आमच्या ड्राइव्हवर चालतो आणि मागणीप्रमाणे त्याचा वेग कमी-जास्त होतो. दाब कमी पडू लागला की दुसरा आणि मग तिसरा पंप कॉन्टॅक्टरवरून (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचवरून) थेट सुरू होतो. कंट्रोलरमध्ये १६८ मेगाहर्ट्झवर चालणारा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आहे आणि मोटरच्या करंटचा लूप दर १०० मायक्रोसेकंदांनी इंटरप्टमधून, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच येणाऱ्या हाकेतून, चालतो. याचा अर्थ एका फेरीला १६,८०० क्लॉक सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात. तेवढ्यात हिशोब पुरा झाला नाही, तर आमचे सॉफ्टवेअर स्वतःच ड्राइव्ह बंद करते, कारण शिळ्या मोजमापावर मोटर चालवत राहणे इन्व्हर्टरच्या ट्रान्झिस्टरना परवडणारे नाही. फॉल्ट योग्य जागी येत होता. तो का येतो एवढेच कळत नव्हते.

पंप पाहणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, “साहेब, रात्री कधीच बंद पडत नाही. सकाळी साडेसहा ते आठ, तेव्हाच काय ते होतं.” आम्ही ते ऐकले, वहीत लिहिले, आणि व्होल्टेजचा चढउतार असेल असे धरून चाललो. या एका वाक्यात पूर्ण निदान होते. सकाळी सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी नळ उघडतात, तिन्ही पंप चालू होतात, आणि प्रोग्राममधली जी वाट एरवी क्वचितच चालली जाते ती तेव्हा चालली जाते. फॉल्ट कोणत्या वेळी येतो हे ग्राहक सांगत असेल, तर त्या वेळी प्रोग्रामची कोणती शाखा चालू असते हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा.

आधी केलेले, पण चुकलेले उपाय

पहिल्या वेळी आम्ही कंपायलरची, म्हणजे सी चा कोड यंत्राच्या सूचनांत बदलणाऱ्या साधनाची, ऑप्टिमायझेशन (कोड जलद करण्याची) पातळी ‘ओ२’ वरून ‘ओ३’ केली. दुसऱ्या वेळी कंपायलरची नवी आवृत्ती घेतली. दोन्ही वेळी लूप थोडा जलद झाला आणि फॉल्ट थांबला. मात्र तो थांबला याचे कारण एवढेच की आम्ही काठावर होतो आणि तीन-चार मायक्रोसेकंद मागे सरकलो. पुढच्या बिल्डमध्ये नवी सोय आली आणि तेवढी जागा परत भरली गेली.

ऑप्टिमायझेशन वाढवून मूळ दुखणे का हलले नाही, हे नंतर कळले. वेळ खाणारा भाग आमच्या कोडमध्ये नव्हताच; तो कंपायलरबरोबर येणाऱ्या गणिताच्या लायब्ररीत होता. ही लायब्ररी आधीच कंपाइल होऊन आलेली असते, त्यामुळे आपण कोणतीही पातळी लावली तरी तिच्या आतल्या सूचना बदलत नाहीत. आपल्या ओळी जलद होतात आणि खरा भार जागच्या जागी राहतो.

मोजमाप: सरासरी नव्हे, कमाल

रिअल-टाइम कंट्रोलमध्ये सरासरी वेळेला जवळजवळ काहीच अर्थ नसतो. सेकंदाला दहा हजार वेळा चालणाऱ्या लूपची एकच फेरी चुकली तरी फॉल्ट येतो, आणि ती एक फेरी सरासरीत कुठेही दिसत नाही. म्हणून लूपच्या आरंभी आणि शेवटी वेळ नोंदवून आतापर्यंतचा कमाल आकडा एका व्हेरिएबलमध्ये जपावा, आणि त्या कमाल फेरीच्या वेळी कोणती शाखा चालू होती हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवावे.

कॉर्टेक्स-एम३, एम४ आणि एम७ या गाभ्यांत यासाठी डीडब्ल्यूटी हा भाग असतो आणि त्यात क्लॉक सायकल मोजणारा ३२ बिटांचा काउंटर असतो. तो चालू करण्यापूर्वी डीबग रजिस्टरमधील ट्रेसचा बिट लावावा लागतो. तो विसरला की काउंटर शून्यावरच थांबून राहतो आणि पुष्कळांचा येथेच अर्धा दिवस जातो. १६८ मेगाहर्ट्झला हा काउंटर सुमारे साडेपंचवीस सेकंदांत पूर्ण फेरी मारतो, पण दोन्ही वाचने अनसाइन्ड (धन-ऋण चिन्हाशिवायची) ठेवून वजाबाकी केली तर त्याने फरक पडत नाही. कॉर्टेक्स-एम० मध्ये हा काउंटर नसतो. तेथे लूपच्या सुरुवातीला एक पिन वर करावी, शेवटी खाली करावी आणि ऑसिलोस्कोपवर पल्सची रुंदी पाहावी. खरे तर काउंटर असला तरी पिनची पद्धत एकदा करून पाहावी, कारण पडद्यावर जे दिसते ते आकड्यात दिसत नाही.

परळच्या त्या तळघरात सकाळी सात वाजता आम्ही स्कोप लावला तेव्हा हेच झाले. एक पंप चालू असताना पल्स ४६ मायक्रोसेकंदांची होती. दुसरा पंप सुरू झाला, कॉन्टॅक्टरचा खट् असा आवाज आला आणि पल्सची उजवी कड एकदम सरकून ७१ वर गेली. तिसरा सुरू झाल्यावर ती ९६ वर जाऊन थांबली. प्रत्येक पंपामागे बरोबर २५ मायक्रोसेकंद. आता फक्त चार शिल्लक होते. मॉडबसचा, म्हणजे उपकरणांमध्ये सिरीयल तारेवरून संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा, इंटरप्ट लूपच्या इंटरप्टपेक्षा वरच्या प्राधान्याचा होता आणि त्याला सुमारे सात मायक्रोसेकंद लागत होते. लूप चालू असताना एखादा संदेश आला की बेरीज १०३ होत होती. रात्री असे कितीही संदेश आले तरी काही बिघडत नव्हते. टेबलावर आम्ही नेहमी एकाच पंपाचे सिग्नल देऊन चाचणी करत आलो होतो, त्यामुळे ४६ च्या पुढचा आकडा आम्ही कधी पाहिलेलाच नव्हता.

मॅप फाइल उघडा

पंपामागे २५ मायक्रोसेकंद म्हणजे ४,२०० सायकल. त्या शाखेत फक्त एक काम होते: दाबातल्या फरकावरून त्या पंपाचा प्रवाह काढणे. प्रवाह हा दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. गुणाकार, भागाकार आणि एक वर्गमूळ. एवढ्याला चार हजारांवर सायकल लागणे शक्य नव्हते, निदान सी मधली ओळ वाचून तरी तसे वाटत नव्हते. ओळ साधारण अशी होती (‘पाऊ’ म्हणजे घात काढणारे फंक्शन):

प्रवाह = गुणक * पाऊ(दाबफरक / १००.०, ०.५);

तिन्ही व्हेरिएबल फ्लोट, म्हणजे ३२ बिटांची दशांश संख्या. कॉर्टेक्स-एम४ मधला एफपीयू (दशांश संख्यांचे गणित करणारा हार्डवेअरचा भाग) फक्त ३२ बिटांचे फ्लोट जाणतो. मात्र सी भाषेच्या नियमाप्रमाणे ‘१००.०’ हा नुसता लिहिलेला स्थिरांक डबल असतो, ६४ बिटांचा. फ्लोटला डबलने भागले की फ्लोट आधी डबल होतो, आणि मग पूर्ण पदावली डबलमध्ये सोडवली जाते. हार्डवेअरला ते येत नाही म्हणून कंपायलर निमूटपणे सॉफ्टवेअर लायब्ररीला हाक मारतो. त्यात ‘पाऊ’ हे फंक्शन मुळातच डबलचे, आणि कोणताही घातांक हाताळण्यासाठी ते आत लॉगरिदम आणि घातांकाचे सगळे गणित करते. ०.५ हा घातांक म्हणजे वर्गमूळच आहे हे आपल्याला दिसते, पण नेहमीच्या पर्यायांसह कंपायलर स्वतःहून तो बदल करत नाही, कारण उणे अनंत आणि उणे शून्यासाठी दोघांची उत्तरे वेगळी येतात.

हे सगळे शोधायला कोड वाचण्याची गरज नसते. लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाने) तयार केलेली मॅप फाइल, म्हणजे प्रोग्राममध्ये कोणती फंक्शने आली त्यांची यादी, उघडावी आणि तिच्यात ‘__एईएबीआय_डीएमयूएल’, ‘__एईएबीआय_डीडीआयव्ही’, ‘__एईएबीआय_डीएडीडी’ आणि ‘__एईएबीआय_एफ२डी’ ही नावे शोधावीत. नावातले ‘डी’ म्हणजे डबल. शेवटचे नाव फ्लोटचे डबल करण्याचे. यांपैकी एकही नाव सापडले तर प्रोग्राममध्ये कुठेतरी डबलचे गणित होत आहे. ते नेमके कुठे हे कळण्यासाठी ऑब्जडंप या साधनाने डिसअसेंब्ली (यंत्राच्या सूचनांची वाचता येणारी यादी) काढून लूपच्या फंक्शनमध्ये या नावांकडे जाणाऱ्या ‘बीएल’ (फंक्शनला हाक मारणाऱ्या) सूचना मोजाव्यात. आमच्या एका ओळीतून अशा चार हाका जात होत्या आणि पाचवी ‘पाऊ’ला.

याच तपासात ‘__एईएबीआय_एफएमयूएल’ असे ‘एफ’ असलेले नाव सापडले तर प्रकरण अधिक गंभीर आहे असे समजावे. फ्लोटचा साधा गुणाकारही सॉफ्टवेअरमध्ये होत आहे, म्हणजेच एफपीयू वापरण्याचा पर्याय बिल्डमध्ये लागलेलाच नाही. जीसीसी या कंपायलरला ‘एफपीव्ही४-एसपी-डी१६’ हा एफपीयू आणि ‘हार्ड’ हा फ्लोट-एबीआय (फंक्शनला फ्लोट कसे द्यायचे त्याचा नियम), दोन्ही स्पष्ट सांगावे लागतात, आणि ते प्रत्येक फाइलला लागले आहेत याची खात्री करावी लागते.

दुरुस्ती

स्थिरांकाच्या शेवटी ‘एफ’ हे एक अक्षर जोडले की तो फ्लोट होतो. ‘पाऊ’च्या जागी फ्लोटचे वर्गमूळ देणारे ‘एसक्यूआरटीएफ’ लिहिले की हार्डवेअरची एकच सूचना तयार होते आणि कॉर्टेक्स-एम४ वर तिला १४ सायकल लागतात. गणिताच्या चुकांसाठी ‘एररनो’ हा त्रुटी-क्रमांक भरण्याची प्रोग्रामला गरज नसेल, तर ‘-एफनो-मॅथ-एररनो’ हा पर्यायही द्यावा, नाहीतर ऋण संख्येच्या शक्यतेसाठी कंपायलर तपासणीची एक जादा फांदी आणि लायब्ररीची हाक ठेवून देतो. एवढ्या बदलाने आमचा पंपामागचा खर्च २५ मायक्रोसेकंदांवरून दीडवर आला.

‘-एफसिंगल-प्रिसिजन-कॉन्स्टंट’ हा पर्याय लावून सगळे स्थिरांक एका फटक्यात फ्लोट करता येतात आणि तो मोह होतो. मी तो वापरत नाही. तो ‘पाऊ’चे ‘पाऊएफ’ (त्याचे फ्लोटचे रूप) करत नाही, हेडर फाइलमधल्या स्थिरांकांनाही हात लावतो, आणि ज्या थोड्या जागी खरोखर डबलची अचूकता हवी असते तेथेही ती गुपचूप काढून घेतो. त्यापेक्षा ‘-डब्ल्यूडबल-प्रमोशन’ ही चेतावणी चालू करावी आणि तिने दाखवलेली प्रत्येक ओळ माणसाने पाहावी. आमच्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी अशा साठेक ओळी निघाल्या. त्या पाहायला एक दुपार पुरली.

‘-एफफास्ट-मॅथ’बद्दल मात्र ठाम सांगतो: कंट्रोलच्या प्रोग्रामला तो सरसकट लावू नये. या पर्यायात कंपायलर असे गृहीत धरतो की ‘नॅन’, म्हणजे अंक नसलेले मूल्य, कधी येणारच नाही, आणि त्यामुळे ‘नॅन आहे का’ ही आपण लिहिलेली तपासणीच तो काढून टाकू शकतो. आमच्याकडे प्रेशर सेन्सरची वायर तुटली की ते मूल्य मुद्दाम नॅन केले जाते आणि पुढची सुरक्षा त्यावर अवलंबून असते. काही मायक्रोसेकंदांसाठी ती सुरक्षा गमावणे हा व्यवहार मला मान्य नाही.

दुसरी दुरुस्ती मॉडेलमध्ये करावी लागली. मॉडेलमधून कोड तयार करताना सगळे ब्लॉक एकाच वेगाने, म्हणजे १०० मायक्रोसेकंदांनी चालतील अशी मांडणी राहून गेली होती. पाण्याचा प्रवाह इतक्या घाईने बदलत नाही; त्याला १० मिलिसेकंद भरपूर होतात. प्रवाहाचा हिशोब खालच्या प्राधान्याच्या संथ टास्कमध्ये हलवल्यावर करंट लूपमध्ये पंपांच्या संख्येनुसार बदलणारे काहीच उरले नाही. माझ्या मते हीच दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे, कारण लूपची वेळ जेवढ्या कमी गोष्टींवर अवलंबून असेल तेवढी ती मोजून खात्री देणे सोपे जाते.

हा बदल करताना एक खड्डा आहे. संथ टास्क लिहीत असलेले मूल्य जलद इंटरप्ट वाचतो, आणि ते मूल्य ६४ बिटांचे असेल, किंवा एकमेकांशी जुळलेली दोन-तीन मूल्ये असतील, तर ३२ बिटांच्या प्रोसेसरवर अर्धे जुने आणि अर्धे नवे हाती पडू शकते. एकच फ्लोट असेल तर तो एका सूचनेत लिहिला जातो. अधिक मूल्ये असतील तर दोन प्रती ठेवून कोणती ताजी ते एका निर्देशांकाने सांगावे. अशा सामायिक व्हेरिएबलवर ‘व्होलटाइल’ (दर वेळी मेमरीतून ताजे वाचा अशी कंपायलरला सूचना) नसेल तर संथ लूपमधले वाचन कंपायलर लूपबाहेर नेऊ शकतो. डीबग बिल्ड चालते आणि ऑप्टिमाइझ केलेले अडकून बसते, या तक्रारीचे सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण हेच. मात्र ‘व्होलटाइल’मुळे दोन मूल्ये एकत्र, अखंड वाचली जातील अशी हमी मिळत नाही. तो समज फार पसरलेला आहे.

मॅप फाइल स्वच्छ असूनही वेळ हलत असेल तर

कोड फ्लॅशमधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून) चालतो आणि फ्लॅश प्रोसेसरइतकी जलद नसते. आमच्या चिपला १६८ मेगाहर्ट्झवर पाच वेट-स्टेट (थांबण्याच्या सायकली) लागतात आणि ती तूट एक लहानसा कॅश (अलीकडचा कोड जवळ ठेवणारी जलद मेमरी) भरून काढतो. कॅशमध्ये काय आहे हे आधी काय चालले त्यावर ठरते, म्हणून कुठेतरी लांब एक फंक्शन वाढले, पत्ते सरकले, आणि ज्याला हातही लावला नाही तो लूप दोन-तीन मायक्रोसेकंद हळू झाला, असे घडते. लूपचे फंक्शन आणि ते ज्यांना हाक मारते ती फंक्शने लिंकर स्क्रिप्टमधून रॅममध्ये ठेवली की हा हेलकावा बराच कमी होतो. काही चिपमध्ये प्रोसेसरला थेट जोडलेली एक वेगळी रॅम असते आणि तिच्यातून फक्त डेटा वाचता येतो, कोड चालवता येत नाही. संदर्भपुस्तिका पाहूनच जागा निवडावी.

वरच्या प्राधान्याच्या इंटरप्टमध्ये फ्लोट वापरू नये. कॉर्टेक्स-एम४ इंटरप्टमध्ये शिरताना एरवी आठ शब्द (३२ बिटांचे तुकडे) स्टॅकवर, म्हणजे परतताना लागणारी मूल्ये जपण्याच्या मेमरीत, ठेवतो. एफपीयू वापरात असेल तर सव्वीस शब्दांची जागा राखतो, आणि इंटरप्टने स्वतः फ्लोटची सूचना चालवली तर ते जादा शब्द प्रत्यक्ष लिहावे लागतात. आमच्या मॉडबसच्या इंटरप्टमध्ये बॉड दराचा एक हिशोब फ्लोटमध्ये होता. तो पूर्णांकात केला आणि त्या इंटरप्टचे प्राधान्य लूपच्या खाली आणले. सिरीयल पोर्टला डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा मेमरीत हलवणारा भाग) असल्यामुळे एकही बाइट हरवला नाही.

लूपमध्ये मेमरी मागणारे काही, म्हणजे मॅलॉक, न्यू, किंवा स्वतःहून वाढणारा व्हेक्टर असेल तर तो आधी काढावा. मोकळी जागा शोधायला किती वेळ लागेल हे मेमरी किती तुकड्यांत विखुरली आहे त्यावर ठरते, आणि ते दर दिवशी वेगळे असते. १९९८ पासून वापरात असलेल्या मिस्रा सी या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीत डायनॅमिक मेमरीला मनाई आहे ती उगाच नाही.

परत येऊ नये म्हणून

आमच्या बाबतीत माणसांच्या लक्षात ठेवण्यावर विसंबून चालले नाही. ‘एफ’ हे अक्षर विसरणे अगदी साहजिक आहे, आणि नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्याच महिन्यात ते होणार. म्हणून आता बिल्ड स्क्रिप्ट लिंक झाल्यावर लगेच लूपचा विभाग डिसअसेंबल करते आणि त्यात डबलच्या लायब्ररीकडे जाणारी एकही हाक सापडली तर बिल्ड नापास करते. जेथे डबल खरोखर हवे आहे अशा दोन फाइल लूपच्या बाहेर आहेत, त्यांना ही अट लागू नाही.

त्यानंतर बोर्ड एका चाचणी-पेटीला जोडला जातो. तिच्यात तीन प्रेशर सिग्नल देणारे पोटेन्शिओमीटर, दोन कॉन्टॅक्टरचे रिले आणि मॉडबसवर सतत संदेश पाठवणारा एक जुना लॅपटॉप आहे. बहुतेक सुटे भाग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एका फेरीत आणले. स्क्रिप्ट तिन्ही पंपांची स्थिती लावते, संदेशांचा मारा सुरू करते, अर्धा तास थांबते आणि कमाल सायकलचा आकडा वाचते. मोजलेला कमाल आकडा हा खऱ्या कमाल आकड्याइतका किंवा त्याहून कमीच असू शकतो, जास्त कधीच नाही, म्हणून आम्ही मुदतीच्या साठ टक्क्यांवर, म्हणजे १०,०८० सायकलींवर रेषा आखली आहे. ती ओलांडली तर बिल्ड बाहेर जात नाही, मग कंपायलरची आवृत्ती बदललेली असो वा नुसती एक कॉमेंट. प्रत्येक बिल्डचा कमाल आकडा, कंपायलरची आवृत्ती आणि सगळे पर्याय एका फाइलमध्ये साठवले जातात, म्हणजे आकडा कधी चढू लागला हे मागे जाऊन पाहता येते.

परळच्या टॉवरमध्ये नवे बिल्ड टाकले त्या दिवशी सकाळी पुन्हा सात वाजता तळघरात उभे राहून स्कोप पाहिला. पहिला पंप चालू होता तेव्हा पल्स २१ मायक्रोसेकंदांची होती. दुसरा कॉन्टॅक्टर वाजला, मग तिसरा वाजला, आणि पल्सची उजवी कड जागेवरून हलली नाही.